आंबा किती टिकणार, हे झाडावरच ठरते

मागच्या आठवड्यात आपण आंबा पिकवायच्या अढीपर्यंत आलो होतो. आज थोडे मागे, बागेत जाऊ. पेटीतला हापूस सडला की दोष ट्रकला, अढीला नाहीतर उन्हाला दिला जातो. त्यातला बराचसा दोष मुळात मोहोर आणि कैरीच्या दिवसांतला असतो.

करपा या बुरशीच्या रोगाचेच घ्या. दवाच्या किंवा अवकाळी पावसाच्या ओलीत या बुरशीचे बीजाणू कोवळ्या कैरीवर रुजतात, सालीत शिरतात आणि तिथेच दबा धरून बसतात. हिरव्या सालीत बुरशीला रोखणारी द्रव्ये असतात. फळ पिकू लागले की ती घटतात आणि काळे डाग उठतात. तोडताना निर्मळ दिसलेले फळ गिऱ्हाइकाच्या घरी डागाळते ते यामुळे. बुरशीनाशक द्यायचे तर मोहोर आणि लहान कैरी असतानाच द्यावे. तोडणीच्या तोंडावर फवारले, तर रोग जाग्यावर राहतो आणि फळावर औषधाचा अंश तेवढा उरतो.

माझ्या मते सगळ्यांत खात्रीचा उपाय औषधाच्या दुकानात मिळतच नाही. कैरी अंड्याएवढी झाली की तिच्यावर कागदी पिशवी चढवायची. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ हे बऱ्याच वर्षांपासून सांगत आले आहे, आणि वर्तमानपत्राच्या कागदाची पिशवीही चालते. फळमाशीला अंडी घालायला साल सापडत नाही, फळ उन्हाने भाजत नाही, डाग कमी पडतात, रंग एकसारखा येतो आणि साक्याचे, म्हणजे आतला गर बिघडून पांढरट, स्पंजासारखा होण्याचे, प्रमाणही घटते. अडचण आहे ती मजुरीची आणि उंचीची. रत्नागिरी-देवगडच्या जुन्या, आभाळाला भिडलेल्या कलमांच्या शेंड्यावर पिशवी बांधायला चढणार कोण? छाटणी करून झाड बुटके ठेवण्याचा आग्रह धरतात तो याचसाठीही.

साका मात्र बाहेरून दिसतच नाही, म्हणून तो जास्त बदनाम. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतील अभ्यासानुसार याचे मूळ कोयीत आहे: फळ झाडावर असतानाच आतले बी रुजण्याची तयारी करू लागते आणि भोवतालच्या गराची घडी बिघडते. या संस्थेचे ‘अर्का साका निवारक’ हे मिश्रणही म्हणूनच तोडणीआधी, फळ वाढत असताना वापरायचे असते.

कॅल्शियमबद्दल बागायतदार हमखास विचारतात. त्याने पेशींच्या भिंती घट्ट राहतात आणि फळ उशिरा मऊ पडते. पण मुळांनी घेतलेले कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबर बहुतेक पानांतच जाते, आणि तिथून फळाकडे परत वळत नाही. त्यामुळे नुसती पाने भिजवून भागत नाही. फवारा कैरीवरच बसायला हवा, आणि तोही ती लहान असताना.

उरली तोडणी. सोळापैकी चौदा आणे तयार झालेले फळ देठासकट उतरवावे. झाडावर जास्त मुरलेल्या फळात साका वाढतो. वाशीच्या घाऊक बाजारातल्या सुरुवातीच्या भावासाठी दहा-बारा आण्यांवर तोडलेले फळ सुरकुतते आणि आंबटच राहते. ती घाई मला तरी गिऱ्हाइकाची फसवणूकच वाटते.

बागायतदारांना एकच विनंती: यंदा निदान हाताला येणाऱ्या फांद्यांवर पिशव्या बांधा, त्या फळांची पेटी वेगळी ठेवा आणि आठ दिवसांनी दोन्ही पेट्या शेजारी उघडून बघा.