विश्लेषण : विमानाच्या ‘नाकपुड्या’ नक्की कशासाठी?

नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘एचटीटी-४०’ या प्रशिक्षण विमानाच्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले. ते विमान टर्बोप्रॉप. धुळे, बारामतीत शिकाऊ वैमानिक ज्या छोट्या विमानांवर पहिले धडे गिरवतात, त्यांचे इंजिन मात्र बहुधा मोटारीसारखे पिस्टनचे असते; फक्त त्याला पाण्याचा रेडिएटर नसतो. सगळी भिस्त हवेवर.

समोरच्या दोन भोकांतून इंजिन श्वास घेते?

नाही. प्रोपेलरच्या दोन्ही बाजूंची ती भोके इंजिन गार ठेवण्यासाठी असतात. श्वासाची वाट वेगळी : ‘सेस्ना १७२’मध्ये खालच्या बाजूला एअर फिल्टर लावलेले छोटे तोंड असते. मोठ्या भोकांतून शिरलेली हवा इंजिनाच्या वर दाटते. पत्र्याचे आडोसे आणि रबरी पट्ट्या तिला सिलिंडरच्या पातळ पात्यांमधूनच खाली उतरायला लावतात आणि मग ती खालच्या फटीतून बाहेर पडते. एखादी पट्टी फाटली की हवा सोपी वाट धरते आणि सिलिंडर तापतो. चढाईत तर पूर्ण ताकद लावलेली आणि वेग कमी. म्हणून तापमान वाढू लागताच वैमानिक विमानाचे नाक थोडे खाली घेऊन वेग वाढवतो.

उन्हाळ्यात दुहेरी अडचण

ओझरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. पारा ४० अंशांवर गेला की तिथली हवा एरवी १,६०० मीटरहून अधिक उंचीवर असते तितकी विरळ होते. म्हणजे ओझरला उभे असलेले इंजिन जणू कळसूबाईच्या माथ्यावर श्वास घेते! साध्या इंजिनाची ताकद समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे १५ टक्क्यांनी घटते, आणि गार करणारी हवाही तापलेलीच.

पावसाळ्यात बर्फ?

होय, तोही २० अंशांच्या दमट हवेत. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना तापमान झपाट्याने गोठणबिंदूखाली जाऊ शकते आणि बाष्पाचा बर्फ होऊन हवेची वाट तुंबते. इंजिनाची गती कमी ठेवून उतरताना हा धोका जास्त. तेव्हा एक खटका ओढून एक्झॉस्ट नळीभोवती तापलेली हवा आत घेतात. इंधन थेट फवारणाऱ्या इंजिनांना कार्ब्युरेटरच नसल्याने ही कटकट नाही.

एक्झॉस्टचा खरा धोका

केबिनचा हीटरही बहुतेकदा एक्झॉस्टच्याच उष्णतेवर चालतो. मफलरला तडा गेला तर रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो. २१ जानेवारी २०१९ रोजी फुटबॉलपटू एमिलियानो साला याचे छोटे विमान इंग्लिश खाडीत कोसळले. वैमानिकावर बहुधा याच वायूचा परिणाम झाला होता, असा निष्कर्ष ब्रिटनच्या तपास यंत्रणेने काढला. वायूची चाहूल लागताच वाजणारे उपकरण त्या विमानात नव्हते. डोके जड झाले, गरगरले, तर हीटर बंद, बाहेरची हवा आत आणि शक्य तितक्या लवकर जमिनीवर, असे वैमानिकांना शिकवले जाते.