नवी आवृत्ती आली आणि ब्राउझर बंद पडला

मराठी मुलखाबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत संगणकाला कोणते स्थान मिळाले आहे, हे तो चालू असताना ध्यानात येत नाही. तो अडला म्हणजे येते. बडोद्याच्या दांडिया बाजारात काय, इंदूरच्या रामबागेत काय किंवा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात काय, सकाळी पुण्या-मुंबईचे वृत्तपत्र वाचावयाचे ते त्याच्यावर, बँकेतील शिल्लक पाहावयाची ती त्याच्यावर आणि कन्येच्या सासरच्या गावच्या गाडीचे आरक्षण करावयाचे तेही त्याच्यावर. हे सारे व्यवहार ज्या एका खिडकीतून चालतात तिचे नाव ब्राउझर. मराठीत ‘न्याहाळक’ असा एक गोड शब्द त्यासाठी योजला गेला आहे. परंतु तो अद्याप माजघरापर्यंत पोहोचलेला नसल्यामुळे आम्हीही येथे ब्राउझरच म्हणणार आहोत.

तक्रार बहुधा ठरलेली असते. काल रात्रीपर्यंत सर्व ठीक होते. रात्री संगणकाने आपण होऊन नवी आवृत्ती उतरवून घेतली. आज खिडकी उघडत नाही, किंवा उघडते पण कोरीच राहते. मग शेजारचा एखादा जाणता मुलगा बोलाविला जातो आणि तो पाच मिनिटांत निर्णय देतो, “काका, सगळे काढून टाकू आणि पुन्हा घालू.” आमचा आक्षेप या निर्णयाला आहे. हा उपाय कधीच करू नये असे नव्हे. तो शेवटचा आहे, पहिला नव्हे.

का, ते फायरफॉक्स या ब्राउझराच्या उदाहरणाने सांगतो. फायरफॉक्सचे दोन भाग असतात. एक म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्रम, जो नव्या आवृत्तीबरोबर बदलतो. दुसरा म्हणजे ‘प्रोफाइल’ नावाची फाइलींची थैली. वर्षानुवर्षे जपलेल्या पानांच्या खुणा, साठविलेले पासवर्ड आणि आपल्या आवडीनिवडी या थैलीत असतात. विंडोजवर ती कार्यक्रमापासून दूर, ‘ॲप डेटा’ या सहसा दृष्टीआड ठेवलेल्या फोल्डरात, ‘रोमिंग’ मधील ‘मोझिला’ च्या पोटी असते. कार्यक्रम काढला तरी थैली एरवी तशीच राहते. परंतु उत्साही दुरुस्तीकार ‘स्वच्छता’ म्हणून तीही पुसतो किंवा सारी डिस्कच फॉरमॅट करतो, आणि घात होतो. यात आणखी एक गोम आहे. पासवर्ड एका फाइलीत कुलूपबंद असतात आणि त्यांची किल्ली दुसऱ्या फाइलीत असते. दोहोंपैकी एकच वाचली तर तिचा काडीचा उपयोग नाही. म्हणून कोणालाही संगणकाला हात लावू देण्यापूर्वी ती संपूर्ण थैली पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी. या कामास ब्राउझर चालू असावा लागत नाही. उलट तो बंदच असावा.

आता उपायांकडे वळू. प्रथम ब्राउझर खरोखर बंद झाला आहे काय ते पाहावे. पुष्कळदा जुनी प्रत पडद्याआड अर्धवट जिवंत असते आणि नवी प्रत तिच्यासाठी खोळंबून राहते. संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू केला तर हा गुंता सुटतो, आणि आवृत्तीचे अर्धे राहिलेले कामही पुरे होऊन जाते. एवढ्या साध्या गोष्टीने भागण्यासारखे प्रसंग थोडे नसतात.

त्याने न भागल्यास शिफ्टची कळ दाबून धरून फायरफॉक्स उघडावा. तो ‘ट्रबलशूट मोड’ मध्ये, म्हणजे अंगावरची सारी आभूषणे उतरवून, साध्या वेशात उघडू इच्छितो. या अवस्थेत वरून जोडलेली विस्तारके निजलेली असतात आणि चित्रे रंगविण्यासाठी संगणकाच्या चित्रपत्त्याची मदतही घेतली जात नाही. असा तो सुरळीत चालला तर दोष विस्तारकांत किंवा त्या पत्त्याच्या चालक-कार्यक्रमात आहे, असे समजावे. मग विस्तारके एकेक करून बंद करावीत. सगळी एकदम उडविण्यात शहाणपण नाही, कारण विस्तारक काढले की त्याने साठविलेला मजकूरही जातो.

साध्या वेशातही तो अडला तर संशय प्रोफाइलवर जातो. विंडोजची कळ आणि ‘आर’ दाबून येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत फायरफॉक्स, एक जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला लागून थोरले ‘पी’ टंकावे. प्रोफाइल निवडण्याची खिडकी येते. तेथे नवे, रिकामे प्रोफाइल निर्माण करावे. जुने मात्र पुसू नये. नव्यात ब्राउझर चालला तर जुन्या थैलीतील खुणा आणि पासवर्ड यांच्या फाइली त्यात आणून ठेवता येतात. आणि नव्यातही पाने येत नसतील तर घरातील विषाणूरोधक कार्यक्रम किंवा फायरवॉल तपासावी. नव्या आवृत्तीला ते कधीकधी ओळखत नाहीत आणि परक्या पाहुण्यासारखे दारातच अडवून धरतात.

“मग जुनी आवृत्तीच परत घालू,” असे कोणी सुचविले तर सावध राहावे. २०१९ च्या मे महिन्यात आलेल्या ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स, नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीला उघडू देत नाही. नवे प्रोफाइल करण्यास सांगतो. खुणा दिसेनाशा झाल्यामुळे घरची मंडळी घाबरतात. वस्तुतः त्या जुन्या थैलीत सुखरूप असतात.

नव्या आवृत्तीवर ठपका ठेवण्याचीही घाई करू नये. ११ जानेवारी २०२२ रोजी फायरफॉक्सची ९६ वी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि दोनच दिवसांनी, १३ तारखेला, जगभर हा ब्राउझर ठप्प झाला. खिडकी उघडे, पाने येत ना. आपल्याकडे तेव्हा दुपार होती. साहजिकच अनेकांनी आवृत्तीला दोष दिला. खरे कारण निराळे निघाले. फायरफॉक्स आपल्या प्रकृतीची माहिती मोझिलाच्या ज्या यंत्रांकडे पाठवितो, ती यंत्रे एका बाहेरच्या कंपनीच्या सेवेवर चालत. त्या कंपनीने ‘एचटीटीपी ३’ ही संभाषणाची नवी रीत तेथे परस्पर सुरू केली. फायरफॉक्समध्ये या रीतीचे काम करणाऱ्या भागात एक जुनी चूक दडून बसली होती. पाठवावयाच्या मजकुराची लांबी सांगणारे शीर्षक तो थोरल्या लिपीतील आद्याक्षरांसह शोधत असे, आणि दुसऱ्या एका भागाने ते साऱ्या धाकट्या अक्षरांत लिहून ठेवलेले असे. शीर्षक सापडेना, आणि शोध थांबेना! जाळ्यावरचे सारे काम एकाच धाग्यातून जात असल्यामुळे तो धागा गुंतताच सर्वच अडले. सुमारे दोन तास हा गोंधळ चालला. मोझिलाने आपल्याकडील बदल मागे घेतला, आणि पुढे दुरुस्त आवृत्तीही काढली. त्या दोन तासांत ज्यांनी संगणक फॉरमॅट करविला असेल, त्यांनी काय गमावले याचा विचार न केलेला बरा.

४ मे २०१९ चा प्रकारही असाच. त्या दिवशी विस्तारकांवरील सह्यांची पडताळणी करणाऱ्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि असंख्य लोकांची विस्तारके एकदम बंद पडली. ती काढून टाकू नका, मजकूर जाईल, असे मोझिलाला सांगावे लागले.

मुदतीवरून आठवले. आपल्या संगणकाचे घड्याळ बरोबर आहे ना? जुन्या यंत्रातील नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख अनेक वर्षे मागे जाते. मग बँकेचे प्रमाणपत्र ब्राउझराला ‘अजून सुरूच न झालेले’ वाटते आणि तो पान दाखविण्यास नकार देतो. दोष ब्राउझराचा नसतो. बॅटरी बदलून तारीख लावली की झाले.

काही वेळा मात्र यंत्रच मागे पडलेले असते. क्रोमची विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी अखेरची आवृत्ती १०९ वी होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली ११० वी त्यांवर चालत नाही. अशा ठिकाणी खटपट करीत बसण्यापेक्षा विंडोज बदलावी किंवा यंत्र तरी बदलावे. बँकेचे व्यवहार त्या जुन्या ब्राउझरावर करू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याची हानी मात्र वेगळीच आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापले निरनिराळे टंक वापरीत, आणि पानाबरोबर टंक आपोआप उतरविण्याची जी सोय त्यांत असे ती इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच चाले. इतर ब्राउझरांत ‘आई’ च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसे. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवरील या ब्राउझराचा आधार काढून घेतला आणि १४ फेब्रुवारी २०२३ च्या बदलाने तो तेथे कायमचा बंद केला. परप्रांती राहून कोणी त्या काळातील मराठी लेख पानेच्या पाने साठवून ठेवली असतील, तर ती मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरातील ‘इंटरनेट एक्स्प्लोरर मोड’ मध्ये उघडून पाहावीत आणि वाचता येताहेत तोवर छापून घ्यावीत. पानाबरोबर त्याचा टंकही साठविलेला असेल तरच अक्षरे उमटतील, हे ध्यानी असावे.

चालू स्थितीत असलेल्या ब्राउझरातून एवढे दोन कागद आजच काढून ठेवता येतील: खुणांची यादी आणि पासवर्डांची यादी. दोन्ही बाहेर काढण्याची सोय फायरफॉक्सच्या त्या त्या विभागातच आहे. पासवर्डांची यादी उघड्या अक्षरांत असते, कोणालाही वाचता येते. ती छापून कुलपाच्या कपाटात ठेवावी आणि संगणकावरची प्रत लगेच पुसून टाकावी.