लेबल छापणारे यंत्र अडले तर

बाजारातून मसाल्याचे पाकीट आणा आणि उलटून पाहा. पाठीवर एक कागद चिकटवलेला असतो. त्यालाच लेबल म्हणतात. आत काय आहे, वजन किती, किंमत किती, माल कोणी व कुठे तयार केला, कधी केला आणि कधीपर्यंत खावा, हे सारे त्यावर असते. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली परवाना किंवा नोंदणी घेतली की १४ आकडी क्रमांक मिळतो. तोही लेबलवर छापावा लागतो.

आज गावोगावचे बचत गट पापड, हळद, तिखट विकतात. काही गटांकडे लेबल छापायचे लहान यंत्र असते. त्याला प्रिंटर म्हणतात. हे यंत्र नेमके बाजाराच्या आदल्या दिवशी अडते! लेबल कोरे निघते, नाहीतर अक्षर पुसट येते. मग कोणी यंत्राला थापट्या मारतो, कोणी दुरुस्तीवाल्याला फोन लावतो. पण पुष्कळदा यंत्र बिघडलेलेच नसते. दोष असतो कागदात, आणि मार खाते यंत्र. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! म्हणून आधी यंत्र चालते कसे, ते पाहू.

या यंत्रात शाई नसते. मग अक्षर उठते कसे? लेबलच्या कागदावर रसायनाचा पातळ थर असतो. त्याला ऊब लागली की तो काळा होतो. यंत्राच्या झाकणाखाली एक अरुंद पट्टी असते. तिला हेड म्हणतात. तिच्यावर अगदी बारीक ठिपके असतात. पुष्कळ यंत्रांत ते एका मिलिमीटरला ८ असतात. जिथे काळे हवे, तिथलाच ठिपका तापतो. कागद पुढे सरकतो आणि अक्षर उमटत जाते. आत एक डोळाही असतो. त्याला सेन्सर म्हणतात. दोन लेबलांमधली फट तो पाहतो. एक लेबल संपले, दुसरे आले, हे यंत्राला त्यावरूनच कळते.

म्हणजे गोष्टी तीन. कागद, हेड आणि डोळा. यंत्र अडले की या तिन्ही क्रमाने तपासा.

लेबल कोरे निघते. रोल उलटा बसला असेल. थर कागदाच्या एकाच बाजूला असतो. लेबलवर नखाने जोरात ओरखडा काढा. काळी रेघ उठली, की ती छापायची बाजू. ती हेडकडे आली पाहिजे. रेघ उठलीच नाही, तर तो कागद या यंत्राचा नव्हे. तो शाईची फीत लावून छापणाऱ्या यंत्राचा असतो.

अक्षर पुसट येते, मधे पांढरी रेघ राहते. हेडवर धूळ किंवा गोंद बसला असेल. यंत्र बंद करा. वायर काढा. हेड निवू द्या. औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. मऊ कापड त्यात भिजवून पिळा आणि हलक्या हाताने पुसा. पुरते वाळू द्या. पाणी लावू नका. चाकूने किंवा पिनेने खरवडू तर मुळीच नका. तो रोगापेक्षा इलाज भयंकर व्हायचा! पुसूनही त्याच जागी रेघ राहिली, तर तिथला ठिपका बहुधा जळाला आहे. ते काम कारागिराचे.

अर्धा मजकूर एका लेबलवर, अर्धा दुसऱ्यावर येतो. पट्टी घेऊन लेबलची लांबीरुंदी मोजा. मोबाईलमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये तेच माप आहे ना, ते पाहा. मग डोळ्याला नव्या रोलची ओळख करून द्या. पुष्कळ यंत्रांत त्यासाठी फीडचे बटण दाबून धरतात. किती वेळ, ते यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते.

लेबल आत गुंडाळले जाते. हिसका देऊन ओढू नका. झाकण उघडा आणि सावकाश सोडवा. रुळावर गोंद राहिला तर पुसून काढा.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि एक लेबल छापून पाहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला, ते कळत नाही.

आता एक महत्त्वाचे. उबेने छापलेले लेबल कायम टिकत नाही. ऊन, उष्णता आणि तेल यांनी ते खराब होते. आज ठसठशीत दिसणारी तारीख पुढे दिसेनाशी होते. मसाल्याला तेल असते, आणि पाकीट दुकानात उन्हातही टांगलेले असते. तारीख दिसली नाही तर माल ताजा की शिळा, हे गिऱ्हाइकाने ओळखायचे कसे? दुकानदारही असा माल परत करतो. म्हणून माल बाहेर धाडण्याआधी परीक्षा घ्या. एक पाकीट उन्हात ठेवा, एक सावलीत. दर आठवड्याला दोन्ही वाचून पाहा. अक्षर उडत असेल, तर जास्त दिवस टिकणाऱ्या मालाला फितीच्या यंत्रावर छापलेले लेबल लावा.

आणि शेवटची तपासणी यंत्राची नव्हे, तुमची. यंत्राला छापता येते, वाचता येत नाही. मागल्या खेपेची तारीख आत राहिली असेल, तर ते तीच शंभर वेळा छापील. म्हणून पहिले लेबल एकीने मोठ्याने वाचावे. दुसरीने वहीशी ताडून पाहावे. “ताई, तारीख मागल्या महिन्याची आहे,” असं वेळेवर कोणी म्हटलं, तर नव्याण्णव लेबले वाचतात, आणि खाणाऱ्याची फसगतही होत नाही. पहिले लेबल बरोबर निघाले, की मग खुशाल बाकीची छापा.