सातबारा ठेवायचा कुठे?

१९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध मांडला. एका महागड्या डिस्कवर विसंबण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र बांधा, थोडी माहिती जास्तीची लिहून ठेवा, म्हणजे एखादी डिस्क गेली तरी काम अडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ‘रेड’ नावाची ही रचना पुढे जगभरच्या सर्व्हरांत रुजली. त्याच सुमारास, १९८८-८९ मध्ये, केंद्र सरकारने आठ जिल्ह्यांत जमिनीचे अभिलेख संगणकावर घेण्याचा प्रयोग सुरू केला. महाराष्ट्रातून त्यात वर्धा जिल्हा होता. वर्धा नदी ओलांडली की आमचा यवतमाळ जिल्हा, पण इकडे संगणक यायला वेळ होता.

तोवर सातबारा पटवाऱ्याच्या दप्तरात आणि जुने अभिलेख तहसिलीत कापडी बस्त्यांत. १९५६ पर्यंत हा मुलूख मध्य प्रदेशात असल्याने मूळ मालकी शोधताना कास्तकाराला आजही १९५४-५५ चा अधिकार अभिलेख काढावा लागतो. कागद सत्तर वर्षे टिकला, हे संगणकवाल्यांनी कबूल करायला हरकत नाही.

पहिल्या फेरीत संगणक तहसिलीत आला आणि डेटाबेसही तिथेच राहिला. सोळा तालुक्यांचा जिल्हा; वणीची डिस्क बिघडली म्हणून उमरखेडचे काम थांबत नसे. पण त्या काळात विदर्भात भारनियमन असे की यूपीएसने दम तोडावा. बॅकअप घेतला गेला असेल तर बरे. घेतला असला तरी तो बहुधा त्याच खोलीतल्या कपाटात.

पुढच्या दशकात ई-फेरफार आले आणि तालुक्यांची माहिती राज्याच्या डेटा सेंटरकडे सरकली. मला या सगळ्या प्रवासात सर्वांत मोलाचा वाटतो तो इथला एक जुनाच नियम. सातबाऱ्यावर थेट खाडाखोड चालत नाही. खरेदी असो की वारस, नोंद आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत. मग नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, आणि त्यानंतरच सातबाऱ्याला अंमल. डेटाबेसही नेमका असाच चालतो. बदल आधी लॉग फाइलमध्ये उतरतो, मूळ डेटा फाइल मागाहून बदलते. मध्येच वीज गेली तर लॉग वाचून हिशेब जुळवता येतो. म्हणून साठवणीचे नियोजन करणारे लॉगला वेगळी डिस्क देतात. लॉगचे लिखाण एका ओळीत, एकामागून एक चालते. डेटा फाइलची वाचालेखी इकडेतिकडे उड्या मारते. दोन्ही एकाच डिस्कवर घातली की दोन्ही रखडतात, आणि ती डिस्क गेली तर दोन्ही एकदम जातात.

केंद्रीकरणाने प्रश्न उलटा केला. आता एक ठिकाण बंद पडले की झरी-जामणीपासून नेरपर्यंत सगळे बंद. उपाय म्हणून क्लस्टर बांधतात: एक सर्व्हर पडला की दुसरा ताबा घेतो. मात्र नेहमीच्या मांडणीत दोन्ही सर्व्हर एकाच सामायिक साठ्याला जोडलेले असतात. सर्व्हर दोन घेतले म्हणून निश्चिंत होणारी कार्यालये हा साठाच विसरतात. साठ्याची प्रत दुसऱ्या शहरात हवी. २१ जून २०१२ ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, कागदी फायलींची राख झाली, त्यानंतर हे कुणाला पटवून सांगायची गरज उरली नसावी. ती प्रत त्याच क्षणी जुळवायची की थोडी मागे ठेवायची, हाही सौदाच. पहिल्या पद्धतीत प्रत्येक नोंद दोन्हीकडे लिहून होईपर्यंत थांबावे लागते. दुसरीत अपघात झालाच तर शेवटच्या काही नोंदी हातच्या जातात.

खरी कसोटी गर्दीने घेतली. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन मागवले, आणि कापसाच्या या जिल्ह्यात सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तलाठ्याच्या सहीसाठीचा हेलपाटा वाचला. पण पीककर्जाचा हंगाम पेरणीच्या तोंडावरच येतो, सगळे एकाच पंधरवड्यात धावतात, आणि ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द इंग्रजी न शिकलेल्या म्हाताऱ्यांच्याही तोंडी बसले. वर्षाच्या सरासरीवर साठवण आखली की असेच होते. आखायला हवी ती जूनच्या सोमवारी सकाळी अकराच्या गर्दीवर.

२०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद करणारा स्वतः शेतकरीच झाला. पाठोपाठ जुलै २०२३ मध्ये जिल्ह्यात महापूर आला; महागाव तालुक्यातल्या आनंदनगरात अडकलेल्यांना काढायला हेलिकॉप्टर बोलवावे लागले. नुकसानीचे पंचनामे करताना शेतात काय पेरले होते, हे नोंदीवरून ताडून बघायचे होते. ई-पीकच्या अॅपची एक सोय मला क्लस्टरच्या खर्चिक यंत्रांहून जास्त शहाणी वाटते: शिवारात रेंज नसेल तर पिकाची माहिती आणि फोटो आधी मोबाइलमध्येच साठतो, आणि कास्तकार रेंजमध्ये आला की वर चढवता येतो.