ठिबक कॉफीचे यंत्र आणि परभणीचे पाणी

परभणी जिल्ह्यात ‘ठिबक’ म्हटले की कापूस, ऊस आणि हळदीच्या ओळींतून अंथरलेल्या काळ्या नळ्या आठवतात. परंतु मोजके पाणी, ठरावीक वेगाने आणि सर्वत्र सारखे देण्याचे जे तत्त्व त्या नळ्यांमागे आहे, त्याच तत्त्वावर कॉफी तयार करणारे एक घरगुती यंत्रही चालते. दळलेल्या कॉफीवर गरम पाणी हळूहळू सोडून, कागदातून किंवा जाळीतून गाळून उतरणारा अर्क खालच्या भांड्यात साठवणारे हे यंत्र बाजारात ‘ड्रिप कॉफी मेकर’ या नावाने मिळते. त्याच्या जाहिरातीत कपांची संख्या, बटणे आणि घड्याळ यांचा उल्लेख ठळकपणे असतो. मात्र कॉफीची प्रत पाण्याचे तापमान, पाणी आणि कॉफी यांच्या संपर्काचा वेळ आणि पाण्यात विरघळलेले क्षार या तीन गोष्टींवर ठरते. परभणीसारख्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात यांतील तिसरी गोष्ट सर्वांत आधी पाहावी लागते.

अर्क म्हणजे नेमके काय?

अशा यंत्रातून उतरलेल्या चांगल्या कॉफीत सुमारे ९८.७ टक्के पाणीच असते. भाजलेल्या कॉफीबियांच्या वजनापैकी साधारण २८ ते ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. परंतु तो सगळा विरघळवणे हिताचे नसते, कारण सुरुवातीला आम्ले, क्षार आणि कॅफिन उतरतात, त्यामागून गोडसर आणि भाजल्याच्या सुवासाचे घटक येतात आणि शेवटी कडू, तुरट घटकांचे प्रमाण वाढत जाते. १९५०च्या दशकात अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी या क्रमाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि कॉफीच्या वजनाचा १८ ते २२ टक्के भाग उतरला व अर्कात विरघळलेले घटक १.१५ ते १.३५ टक्के राहिले, तर बहुतेकांना चव संतुलित वाटते, असे मांडले. त्यासाठी आज साधारण १ लिटर पाण्यास ५५ ग्रॅम कॉफी, कॉफीवर पडताना ९२ ते ९६ अंश सेल्सियस तापमान आणि ४ ते ८ मिनिटांचा संपर्क हे प्रमाण मानले जाते. पाणी ८० अंशांवर असेल तर कॉफी आंबट आणि पाणचट लागते. वेळ फार लांबला तर कडूपणा वाढतो. उत्तम यंत्र म्हणजे हे प्रमाण पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत राखणारे यंत्र, अशी त्याची सोपी व्याख्या करता येईल.

गाळणकागदाची कल्पना जर्मनीतील ड्रेस्डेन येथील मेलिटा बेंट्झ या गृहिणीची. त्यांनी १९०८ मध्ये मुलाच्या वहीतील टीपकागद छिद्रे पाडलेल्या भांड्यात बसवून कॉफी गाळली आणि त्या रचनेची नोंदणी केली. विजेवर चालणारे पहिले ठिबक यंत्रही जर्मनीतच, गॉटलोब विडमन यांनी १९५४ मध्ये ‘विगोमाट’ या नावाने आणले.

बुडबुड्यांचा पंप आणि वॅटचा हिशेब

बहुतेक घरगुती यंत्रांत पाणी वर चढवण्यासाठी वेगळी मोटर नसते. टाकीतील थंड पाणी एका एकदिशा झडपेतून, म्हणजे पाण्याला पुढे जाऊ देणाऱ्या पण मागे न येऊ देणाऱ्या पडद्यातून, तळाशी असलेल्या अरुंद धातूच्या नळीत उतरते. त्या नळीला चिकटलेल्या तापकामुळे पाणी उकळू लागते, वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि मागे जाण्याची वाट झडपेने बंद केल्यामुळे ते बुडबुडे पाण्याचे छोटे छोटे टप्पे वर ढकलत फवाऱ्यापर्यंत नेतात. परभणी शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी १०० ऐवजी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळते आणि नळीतून फवाऱ्यापर्यंत जाताना आणखी काही अंश गमावते. नळी आखूड आणि प्रवाह जोरकस असेल तर ते योग्य तापमानाला कॉफीवर पडते. प्रवाह मंद असेल तर वाटेतच निवते.

प्रवाहाचा जोर तापकाच्या शक्तीवर, म्हणजे वॅटवर, अवलंबून असतो आणि त्याचा हिशेब शालेय भौतिकशास्त्राने करता येतो. १ लिटर पाणी २५ अंशांवरून ९३ अंशांवर नेण्यास सुमारे २८५ किलोज्यूल उष्णता लागते. उष्णता मुळीच वाया जात नाही असे धरले, तरी त्यासाठी ६०० वॅटच्या यंत्राला जवळजवळ ८ मिनिटे, १००० वॅटच्या यंत्राला पावणेपाच मिनिटे आणि १५०० वॅटच्या यंत्राला ३ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. प्रत्यक्षातील ऱ्हास धरता ६०० वॅटच्या यंत्रावर १० कप कॉफी करू पाहणाऱ्याच्या पदरी अतिसंपर्काने कडवट झालेला अर्क येतो. त्याच यंत्रावर अर्धा लिटर कॉफी मात्र चांगली होऊ शकते. म्हणून नुसते वॅट किंवा नुसते कप न पाहता दर लिटरमागे किमान १००० वॅट मिळतात का, हे पाहावे. यंत्रावरील ‘कप’ बहुधा १२५ ते १५० मिलिलिटरचा असतो, हेही हिशेबात धरावे.

हा हिशेब विजेच्या दाबाबरोबर बदलतो. तापकाची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर १००० वॅटचे यंत्र जेमतेम ६१० वॅटचे उरते. गावातील कृषिपंप सुरू असताना ज्या घरातील दिवे मंदावतात, त्या घराने यंत्राच्या शक्तीत थोडी अधिक सवड ठेवावी. ऋतूचाही परिणाम होतो: उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपुढे जातो तेव्हा साठवणीचे पाणी सहज ३५ अंशांचे असते, तर हिवाळ्यातील पहाटे ते १५ अंशांपर्यंत उतरू शकते आणि तेच काम करण्यास यंत्राला तिसऱ्या हिश्श्याने अधिक उष्णता लागते. दुसऱ्या बाजूला १४०० वॅटहून मोठे यंत्र ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला जोडू नये; त्याला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट आणि नीट अर्थिंग हवे. अमेरिकेतील नातेवाइकांनी भेट दिलेले १२० व्होल्टचे यंत्र थेट जोडले, तर त्यात साडेतीन पटींहून अधिक शक्ती उतरते आणि ते जळते.

काळ्या पाषाणातून आलेले पाणी

परभणी जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाच्या थरांवर, वसलेला आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, बेसाल्टमधील खनिजे झिजवते आणि त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सोबत घेऊन विहिरीत किंवा बोअरमध्ये पोहोचते. अशा पाण्याला पाठ्यपुस्तकात दुष्फेन आणि बोलण्यात जड पाणी म्हणतात. साबणाला फेस न येणे ही त्याची एक खूण आहे आणि तुरीची डाळ लवकर न शिजणे ही दुसरी, कारण डाळीच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम व मॅग्नेशियम अधिक घट्ट बांधतात. जिंतूर तालुक्यातील येलदरीसारख्या धरणात साठलेले पाणी मुख्यतः वाहून आलेले पावसाचे असल्याने ते बोअरच्या पाण्याहून सहसा हलके असते.

कॉफीच्या दृष्टीने या क्षारांची भूमिका दुहेरी आहे. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठात क्रिस्टोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार मॅग्नेशियम आणि कॅल्शियम कॉफीतील चवीच्या घटकांना धरून अर्क उतरण्यास मदत करतात. बायकार्बोनेट मात्र कॉफीतील आम्ले मारून टाकते आणि त्याचे प्रमाण वाढले की कॉफी मिळमिळीत लागते. म्हणूनच अतिजड पाणी जसे नको, तसे आरओ प्रक्रियेने जवळजवळ सर्व क्षार काढलेले जारचे पाणीही एकटे वापरणे योग्य नव्हे. कॉफीतज्ज्ञ लिटरमागे ५० ते १७५ मिलिग्रॅम कठीणता, म्हणजे पाण्याचा जडपणा, योग्य मानतात. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात ही मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. म्हणजेच पिण्यास चालणारे पाणी यंत्रास मानवेलच असे नाही. पाण्याची कठीणता ४०० मिलिग्रॅम असेल आणि ते पिण्यायोग्य असल्याची खात्री झालेली असेल, तर त्याच्या एका भागात आरओचे तीन भाग मिसळल्यास ती १०० च्या आसपास येते. टीडीएस मीटर एकूण विरघळलेल्या क्षारांचाच अंदाज देतो, कठीणता दाखवत नाही; तिच्यासाठी रासायनिक परीक्षण लागते आणि ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत होते.

चवीपेक्षा मोठे नुकसान यंत्राचे होते. पाणी तापले की विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट फुटून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, नळीच्या आतून बसू लागते. ४०० मिलिग्रॅम कठीणतेचे १ लिटर पाणी रोज वापरले तर वर्षभरात यंत्रातून १४६ ग्रॅम चुनखडीइतके क्षार जातात; त्यांचा दहावा हिस्सा जरी अरुंद नळीत बसला, तरी तिचे तोंड आवळण्यास तो पुरेसा आहे. चुनखडी तांब्याच्या सुमारे दोनशे पट कमी उष्णता वाहते; म्हणून तापक तापतो, पाणी तापत नाही, प्रवाह मंदावतो आणि शेवटी सुरक्षेचा फ्यूज उडतो. ठिबक सिंचनाचे ड्रिपर क्षारांनी बुजल्यावर शेतकरी नळ्यांतून आम्ल सोडतात, तोच उपाय येथे सौम्य रूपात लागू पडतो: किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, लिटरभर पाण्यात साधारण दोन चमचे विरघळवून अर्धे यंत्रातून जाऊ द्यावे, अर्धा तास थांबून उरलेले सोडावे आणि मग दोनदा साधे पाणी फिरवावे. शेतातील संचासाठी वापरले जाणारे तीव्र आम्ल या यंत्रात कधीही घालू नये. खरेदीच्या वेळी टाकी आतून दिसते व हात घालून धुता येते का आणि तापकाचे सुटे भाग मिळतात का, याची चौकशी म्हणूनच बटणांपेक्षा महत्त्वाची ठरते.

फवारा, दळण आणि भांडे

शेतात एका झाडाला जास्त आणि दुसऱ्याला कमी पाणी मिळाले तर पीक असमान येते. गाळणीतील कॉफीचेही तसेच होते. एकाच छिद्रातून मध्यभागी धार सोडणाऱ्या यंत्रात मधली कॉफी कडू होईपर्यंत धुतली जाते आणि कडेची कोरडी राहते, म्हणून अनेक छिद्रांचा रुंद फवारा पसंत करावा. सुरुवातीला थोडे पाणी सोडून अर्धा मिनिट थांबण्याची सोय असल्यास ताज्या कॉफीत अडकलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाणी आतपर्यंत मुरते. कागदी गाळणी कॅफेस्टॉल आणि काहवेओल ही रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवणारी तेलकट द्रव्ये बऱ्याच अंशी अडवते; धातूची जाळी ती जाऊ देते.

दळण जाड रव्याइतके आणि एकसारखे असावे लागते. मिक्सरची पाती बिया फोडतात, त्यामुळे पीठ आणि कण्या एकत्र येतात. दोन दातेरी चकत्यांमध्ये बिया भरडणारे ग्राइंडर मात्र जात्याच्या तत्त्वावर चालते आणि त्यातील अंतर जुळवून दळण हवे तसे ठेवता येते. पैसे मर्यादित असतील तर यंत्रात थोडी काटकसर करून ग्राइंडर घेणे अधिक फलदायी ठरते. पाण्यात पूर्ण विरघळणारी झटपट कॉफी या यंत्रात निरुपयोगी आहे.

तयार कॉफी तापलेल्या पाटीवर ठेवली तर तिच्यातील क्लोरोजेनिक आम्लांचे विघटन चालू राहून चव बिघडते. म्हणून काचेच्या भांड्याऐवजी दुहेरी भिंतीचे स्टीलचे, थर्मासच्या जातीचे भांडे निवडावे. मराठी घरांतील जायफळ घातलेल्या दुधाच्या कॉफीसाठी वरील प्रमाणातील अर्क पातळ पडतो. दूध घालायचे असल्यास लिटरमागे ८० ते ९० ग्रॅम कॉफी घ्यावी आणि यंत्राची गाळणी तेवढी कॉफी मावेल इतकी मोठी आहे का, हे आधी पाहावे.

विकत घेतलेल्या यंत्राची परीक्षा घरीच होऊ शकते. कॉफी न घालता मोजलेले १ लिटर पाणी सोडावे, स्वयंपाकघरातील थर्मामीटरने फवाऱ्याखालचे तापमान सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी पाहावे आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. तीन महिन्यांनी हीच चाचणी पुन्हा केल्यावर वेळ वाढलेला आढळला, तर नळीत चुनखडी बसू लागली आहे असे समजावे. ठिबक संच बसवताना विहिरीचे पाणी आधी तपासून घ्यावे, हे परभणीच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. घरातल्या या लहान ठिबक संचासाठीही खरेदीचा पहिला टप्पा दुकान नसून पाण्याची बाटली घेऊन गाठायची प्रयोगशाळा हाच आहे.