ऑइल दिसतं तिथून गळत नसतं
(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं)



मी गोराईतून बोलतेय. १ जूनला मासेमारी बंद होते आणि ३१ जुलैपर्यंत आमच्या होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात. जाळी शिवणं, होडीची डागडुजी, रंगकाम, इंजिनाची देखभाल हे सगळं याच दोन महिन्यांत उरकायचं असतं. दर्याला नारळ दिला की मग कोणाला फुरसत नसते.

जाळ्याला आम्हा बायकांचा हात लागतो, सुक्या मासळीला लागतो. बोरिवलीच्या बाजारात टोपली घेऊन जायचं, पैशांचा हिशेब ठेवायचा, तेही आमच्याकडेच. फक्त इंजिनापाशी आलं की आपण दोन पावलं मागे सरतो. इंजिन बिघडलं की पैसे मात्र आपल्याच डब्यातून जातात. म्हणून आज मी इंजिनाच्या ऑइल गळतीबद्दल सांगणार आहे.

तुमच्या गावात समुद्र नसेल. पण विहिरीवर डिझेल इंजिन असेल, गटाने घेतलेला जुना टेम्पो असेल, कोणाच्या अंगणात जुनी जीप असेल. इंजिन कुठलंही असो, ऑइल गळण्याची कारणं बहुतेक तीच असतात.

आधी आमच्या घरची गोष्ट. होडीतल्या इंजिनाचा चेंबर, म्हणजे खालची ऑइल साठण्याची परात, सतत ओला दिसायचा. मिस्त्रीला बोलावलं. त्याने चेंबरचं पॅकिंग बदललं आणि पैसे घेतले. पंधरा दिवसांत चेंबर परत ओला. पुन्हा खोलायचा विचार चालला होता. तेवढ्यात एका जुन्या तांडेलाने विचारलं, "वर बघितलं का?" इंजिन पुसून बघितलं तर ऑइल सगळ्यात वरच्या झाकणातून येत होतं. ते बाजूने ओघळत खाली चेंबरवर जमायचं. खालचं पॅकिंग चांगलंच होतं. आम्ही नको त्या जागेचे पैसे दिले होते.

कौलातून पाणी गळतं तेव्हाही असंच होतं. भिंत एका जागी ओली होते आणि फुटकं कौल असतं दुसरीकडेच. ऑइल वरून खाली येतं, पंख्याच्या वाऱ्याने मागे उडतं, धूळ धरतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी गळती सुरू कुठून होते ते शोधायचं.

आधी ओळखा

रात्री इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा ठेवा आणि सकाळी डाग बघा. काळं, दाट, बोटाला बुळबुळीत लागेल ते इंजिन ऑइल. पातळ असेल, उग्र वास येत असेल, तर डिझेल. मग पॅकिंग नाही, डिझेलचा पाइप बघायचा. नुसतं पाणी किंवा रंगीत पाणी असेल तर ते इंजिन थंड ठेवणारं पाणी.

मग धुवा आणि पावडर लावा

इंजिन पूर्ण थंड असू द्या. हवा घेण्याचं तोंड आणि वायरींच्या जोडण्या प्लास्टिकने बांधून घ्या. जुन्या ब्रशने, थोड्या रॉकेलने किंवा डिझेलने, मळ सोडवा. पेट्रोल अजिबात नको. जवळ चूल, विडी, दिवा नको. नंतर साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या.

वाळल्यावर अंगाला लावायची पांढरी पावडर इंजिनावर भुरभुरा. बांधलेलं प्लास्टिक काढा आणि दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवा. पदर खोचलेला, केस बांधलेले, बांगड्या काढलेल्या हव्यात. पट्टा आणि फिरतं चाक यांच्या जवळ हात न्यायचा नाही. जागा मोकळी हवी, बंद खोलीत धूर जिवावर बेततो. होडीचं इंजिन पाण्याने थंड होणारं असेल तर ते किनाऱ्यावर कोरडं चालवू नका. पाण्याची सोय करा, नाहीतर गळती राहील बाजूला आणि पंप जळेल.

मग इंजिन बंद करा आणि बॅटरीच्या उजेडात बघा. पावडर जिथे काळी पडली असेल, त्यातली सगळ्यात वरची जागा शोधा. गळतीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

कुकरची रिंग आणि शिट्टी

आता कारण. हे आपल्याला मिस्त्रीपेक्षा लवकर कळतं, कारण आपण रोज कुकर लावतो. रिंग जुनी झाली की कडक होते आणि कडेने वाफ जाते. इंजिनाचं पॅकिंग आणि ऑइल सील तसंच. वर्षानुवर्षं तापून रबर कडक होतं, बुचाचं पॅकिंग आक्रसतं. जुनं इंजिन गळतं ते बरेचदा एवढ्यानेच.

आणि शिट्टी तुंबली तर? नवी रिंगसुद्धा वाफ धरत नाही. इंजिनालाही आतली कोंडलेली हवा बाहेर सोडणारी एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती वरच्या झाकणावर किंवा इंजिनाच्या बाजूला असते. ती मळाने तुंबली की आतली हवा ऑइलला सगळ्या फटींतून बाहेर ढकलते. म्हणून कुठलंही पॅकिंग बदलण्याआधी ब्रीदर काढून रॉकेलने धुवा. याला खर्च जवळजवळ नाही.

घरी करता येण्यासारखं

वरचं झाकण, त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. नट ढिले असतील तर आधी बेताने आवळून बघा. जोर लावून आवळू नका. पॅकिंग चेंगरतं, झाकण वाकतं आणि गळती वाढते. पॅकिंग बदलायचं असेल तर झाकण काढून जुनं पॅकिंग लाकडी पट्टीने खरवडा. तुकडे आत पडू देऊ नका. दोन्ही कडा कोरड्या पुसा, नवं पॅकिंग बसवा आणि नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. सिलिकॉन लावायचं असेल तर बारीक रेघ पुरे. जास्तीचं आत सांडतं, ऑइलच्या वाटेत अडकतं आणि इंजिन ऑइलवाचून तापतं.

ऑइल फिल्टर. नवा लावताना त्याच्या रबरी रिंगला बोटाने ऑइल लावा. फिरवून बसणारा असेल तर हातानेच आवळा. जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, ते आधी बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर ऑइल धो-धो जातं.

चेंबरचा नट. ऑइल बदलताना हाच खोलतात. त्याखालच्या तांब्याच्या वॉशरची किंमत फार नसते, दर वेळी नवा घाला. नट जोराने आवळला तर आटे जातात आणि मग काम महागात पडतं.

टेम्पो किंवा जीप असेल तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. चाकांना दगड लावा, खाली मजबूत टेकू द्या.

दुकानात गळती थांबवणारं औषध म्हणून बाटली मिळते. कडक झालेलं रबर त्याने काही दिवस मऊ होईल. पण फाटलेलं पॅकिंग बाटलीने शिवलं जात नाही.

घरी करू नये असं

इंजिनाच्या पुढच्या किंवा मागच्या टोकाला, फिरत्या दांड्याजवळून ऑइल येत असेल तर आतलं सील गेलेलं असतं. त्यासाठी चाक उतरवावं लागतं. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं तर त्यात पाणी शिरलंय. पट्टीवर ऑइल आपोआप वाढलेलं दिसलं तर डिझेल किंवा पाणी मिसळतंय. ऑइल प्रेशरचा दिवा पेटला, काटा खाली गेला, तर इंजिन तिथेच बंद करायचं. या सगळ्यांना मिस्त्रीच हवा.

पण त्याला सांगताना "ऑइल गळतंय" एवढंच सांगू नका. सांगा, "मी धुतलं, पावडर लावली, पहिलं ऑइल इथून आलं." दाखवून दिलं की नको ते खोललं जात नाही.

वही ठेवा

बचत गटाची वही ठेवतो तशी इंजिनाची ठेवा. तारीख, इंजिन किती तास चाललं, किती ऑइल वर घातलं. पट्टी नेहमी इंजिन बंद करून थोडा वेळ थांबल्यावर, सपाट जागी बघा. होडी हलत असताना मोजमाप खरं येत नाही. ऑइल घालण्याचं प्रमाण वाढत गेलं की वही आधीच सांगते. भर समुद्रात ऑइल संपून इंजिन अडकलं तर नुकसान नुसतं इंजिनाचं नाही. होडीत आपली माणसं असतात.

खाडीचं काय?

इंजिनातून गळलेलं ऑइल होडीच्या तळातल्या पाण्यात मिसळतं आणि ते पाणी उपसलं की खाडीत जातं. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईच्या समुद्रात एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं आपटली. सुमारे ८०० टन तेल सांडलं. ते तिवरांच्या मुळांना लागलं, मासेमारी थांबली, लोकांनी मासळी घ्यायचं सोडलं. ते मोठ्या जहाजाचं होतं. आपलं थेंबाथेंबाचं असतं, पण ते रोजचं असतं. मासळीची पिल्लं याच तिवरांत वाढतात.

म्हणून इंजिनाखाली परात ठेवा. तळात ऑइल दिसलं तर जुन्या फडक्यांनी किंवा लाकडाच्या भुशाने टिपून घ्या आणि मगच पाणी उपसा. काढलेलं जुनं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये साठवा. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडतं. खाडीत, गटारात, शेतात ओतायचं नाही, चुलीतही जाळायचं नाही. एकट्या घराकडे थोडंच जमतं. गटाने किंवा मच्छीमार सोसायटीने एकत्र जमवलं तर परवाना असलेल्या ऑइल गोळा करणाऱ्याला बोलावता येतं.

आमच्या घरी आता होडी शाकारली की इंजिन धुणं आणि पावडर लावणं माझ्याकडे असतं. पाना नवरा धरतो, कधी मी धरते. या पावसाळ्यात तुम्हीही एवढं करा, एक फडकं आणि पावडरचा डबा घेऊन इंजिनापाशी बसा. ऑइल कुठून येतं ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग कोणाला बोलवायचं आणि किती पैसे द्यायचे ते तुम्हीच ठरवा.