नाटक बघणाऱ्याला कोण शिकवणार?

मराठी विद्यार्थ्याला नाटक करायचं असेल, तर त्याच्यासाठी वाट आखलेली आहे. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे. फिरोदिया करंडक आहे, मुंबईत आयएनटीची एकांकिका स्पर्धा आहे, 2014 पासून 'लोकसत्ता लोकांकिका' आहे. आमच्या रायगडात पनवेलचा अटल करंडक आहे आणि विद्यापीठाचा युवा महोत्सव तर प्रत्येक महाविद्यालयाच्या दारापर्यंत येतो. या स्पर्धांत लेखक, दिग्दर्शक आणि नटांना बक्षिसं मिळतात, प्रकाशयोजना आणि नेपथ्याचीही दखल घेतली जाते. पण नाटक नीट पाहून त्यावर लिहिणाऱ्या मुलासाठी इथे जागा नाही.

ही उणीव कळंबसारख्या गावातून जास्त स्पष्ट दिसते. नेरळहून मुरबाडच्या दिशेने जाताना लागणारं हे कर्जत तालुक्यातलं गाव. नाटकासाठी गाठायचं ते पनवेलचं वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह किंवा कल्याणचं अत्रे रंगमंदिर. रात्री साडेआठचा प्रयोग सुटेपर्यंत साडेअकरा होतात. कल्याणहून लोकलने नेरळ गाठता येईल, पण तिथून मध्यरात्री कळंबला जायचं कशाने? मुलगी असेल तर घरून परवानगीच मिळत नाही. मग उरतं मोबाइलवरचं चित्रीकरण. त्यातून संहिता कळते, अभिनयाचा अंदाज येतो. पण बोलणाऱ्या नटाऐवजी ऐकणाऱ्या नटाकडे बघायचं की नाही, हे कॅमेऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं. समीक्षकाचं पहिलं काम, म्हणजे कुठे बघायचं ते स्वतः ठरवणं, तिथेच हातातून जातं.

आपले मोठे समीक्षक कुठे शिकले? माधव मनोहर वाचनातून घडले. एखाद्या मराठी नाटकाचं मूळ कोणत्या परभाषेतल्या नाटकात आहे हे ते चटकन दाखवून देत. कमलाकर नाडकर्णी बालरंगभूमीवर आणि हौशी मंडळींत स्वतः उभे राहिले होते, म्हणून त्यांच्या परीक्षणात रंगमंचावरची हालचाल दिसते. पुष्पा भावे मराठीच्या प्राध्यापक आणि चळवळीतल्या कार्यकर्त्या. जयंत पवारांनी गिरणगाव आतून पाहिलं. ते परीक्षणं लिहीत होते आणि 'अधांतर'सारखं नाटकही. माधव वझे 1953च्या 'श्यामची आई'तले श्याम, पुढे पुण्यात नाटक करत आणि नाटकावर लिहीत राहिले. प्रत्येकाने आपली शाळा स्वतः उभारली. मात्र त्यांना वृत्तपत्रांत आणि साप्ताहिकांत लिहायला ऐसपैस जागा होती. दर आठवड्याला लिहिणं हीच त्यांची तालीम होती. आज ती जागा आक्रसली आहे आणि नव्या मुलाला चुकतमाकत शिकण्याइतकी तर ती मुळीच उरलेली नाही.

पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची कलिन्यातली थिएटर आर्ट्स अकादमी इथे नाट्यशिक्षण रीतसर मिळतं. तिथला भर साहजिकच अभिनय, दिग्दर्शन आणि रंगतंत्रावर आहे. मला जास्त आशा वाटते ती कणकवलीच्या 'रंगवाचा'कडे बघून. वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठानने कोकणातल्या एका तालुक्याच्या गावातून नाटकाला वाहिलेलं नियतकालिक काढून दाखवलं. नाटकावर गंभीर लिहायला पुण्या-मुंबईचा पत्ता लागत नाही, याचा एवढा पुरावा पुरे.

अमेरिकेत ओनील सेंटरची समीक्षक संस्था 1968 पासून काम करते. संध्याकाळी प्रयोग बघायचा, रात्रीतून लिहायचं आणि सकाळी अनुभवी समीक्षकासमोर बसून आपलाच मजकूर वाक्यावाक्याने तपासायचा, ही तिथली पद्धत. तिथल्या महाविद्यालयीन नाट्यमहोत्सवातही नटांबरोबर विद्यार्थी समीक्षकांना जागा असते. 1956 साली स्थापन झालेली नाट्यसमीक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटनाही तरुणांसाठी परिसंवाद भरवते. प्रयोग बघून रात्रीतून लिहिण्याची ही पद्धत खर्चिक नाही. वही, रात्र आणि सकाळी वेळ देणारा एक जाणता माणूस, एवढंच भांडवल.

आपल्याकडे याची गरज किती आहे ते 2022 साली कळलं. पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीत एकही एकांकिका त्या दर्जाची नाही म्हणून परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. वाद पेटला, दोन्ही बाजूंनी तावातावाने बोललं गेलं. त्या एकांकिकांवर स्पर्धेतल्याच मुलांनी लिहिलेली सविस्तर परीक्षणं तेव्हा समोर असती, तर वाद निर्णयाभोवती फिरत न राहता नाटकांपाशी आला असता. दर्जा म्हणजे काय, हे मुलांनी निकालातून नव्हे, लिहिण्यातून शिकायला हवं.

चतुरंग प्रतिष्ठानच्या 'सवाई' एकांकिका स्पर्धेत 25 जानेवारीची रात्र जागवणारा प्रेक्षक आपली पसंती नोंदवतो. त्या पसंतीपाठचं कारण विद्यार्थ्यांकडून पानभर लिहून घेतलं, तरी एक कार्यशाळा होईल. लोकांकिकेत तीच एकांकिका प्राथमिक फेरीपासून महाअंतिम फेरीपर्यंत पोचते. दरम्यान काय कापलं, कुठला ब्लॅकआउट गेला, कोणता प्रवेश आवळला, याची नोंद ठेवणारा मुलगा नाटकाची बांधणी जितकी शिकेल तितकी कुठल्याही पुस्तकातून शिकणार नाही.

आणि कळंबच्या मुलीने यासाठी पनवेलची वाट बघायची गरज नाही. सप्ताहातलं कीर्तन, ठाकरवाडीतला नाच, गावच्या उत्सवातलं नाटक हे सगळे प्रयोगच आहेत. बुवांनी कंटाळलेली मंडळी पुन्हा कशी ताब्यात घेतली, नाचाचं रिंगण कुठे मोडलं, माइक बंद पडल्यावर नटाने काय केलं, हे आधी जसं घडलं तसं लिहावं. बरंवाईट नंतर ठरवावं. वर्णन न करता निकाल देण्याची घाई हा नव्या समीक्षकाचा सर्वांत मोठा दोष, आणि तो गावातच घालवता येतो.

कर्जत-खालापूरच्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: यंदा एकांकिकेच्या चमूबरोबर लिहिणारा एक विद्यार्थीही पाठवा, त्याच्या प्रवासाचा आणि रात्रीच्या मुक्कामाचा खर्च चमूच्या खर्चात धरा, आणि त्याचं परीक्षण महाविद्यालयाच्या वार्षिकात छापा. स्पर्धांच्या आयोजकांनी अशा विद्यार्थ्यांसाठी एक रांग राखून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षकांपैकी एकाला त्यांच्यासाठी तासभर थांबवून घ्यावं.